एक दिवस तिचा, एक दिवस माझा

आमच्या घरात अंडं सुरीने कापत नसत. आय उकडलेलं अंडं सोलून हातात धरायची, ताईने कारखान्यातून कमरेला खोचून आणलेला सुताचा धागा घ्यायची, त्याचं एक टोक दातांत पकडायची, दुसरं बोटाला गुंडाळायची आणि अंड्याच्या बरोबर मधून धागा ओढायची. बलकाचा कणही सांडायचा नाही. मग दोन्ही तुकडे दोन तळव्यांवर घेऊन हात पाठीमागे न्यायची आणि आम्हाला विचारायची, "डावा का उजवा?" एकदा ताईने सांगायचं, दुसऱ्या वेळी मी. जे हाताला आलं ते आलं, त्यावर कुरकुर चालायची नाही. आंबा असो, गुळाचा खडा असो, बाबा होते तोवर त्यांनी खाडीवरून आणलेल्या निवट्या, म्हणजे चिखलातले लहान मासे, असोत, सगळ्याचे दोन वाटे व्हायचे. "दोगी एकाच पोटात व्हत्या, मंग ताटात वेगळ्या कशाला?" असं आय म्हणायची. शेजारच्या बायका तिला हसायच्या. पण कोनगावात दोन मुलींना इतक्या काटेकोरपणे वाढवणारी बाई दुसरी नव्हती, हे मी आज स्वतः दोन मुलांची आई झाल्यावर सांगते. मला ते जमलेलं नाही.

वाटे सारखे असले तरी आम्ही दोघी सारख्या नव्हतो. ताई, म्हणजे नंदा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गोरी, लांब केसांची, आणि हात असे की बघत राहावं. ती गावातल्या लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची. लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. मशीनवर एकदम आठ-दहा कांड्या फिरत असतात आणि मधूनच एखाद्या कांडीचं सूत तुटतं. ते पकडून गाठ मारून पुन्हा चालू करायचं. ताई ही गाठ करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात सूत दाबून एका हाताने मारायची. बाकीच्या बायकांना दोन हात लागायचे. मी तिचा डबा घेऊन गेले की कारखान्याचा मुकादम मला ऐकवायचा, "देख छोटी, तेरी बहन के हाथ में मशीन है मशीन! तू क्या करती है घर में?" मी काही न बोलता डबा ठेवून परत यायची. लूमची खटखट इतकी असायची की मी बोलले असते तरी कुणाला ऐकू आलं नसतं, पण मी बोलायचीच नाही. मी लाजाळू. पाहुणे आले की मी कोठीमागे. विहिरीवर बायका विचारायच्या, "नंदाची सख्खी भन हाय तू? खरं?" मी सावळी, खरं म्हणजे काळी, आणि अंगाने काटकुळी. चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण आय लोकांच्या शेतावर आणि ताई कारखान्यात, मग घर कोण बघणार? ताई दुसरीतून घरी बसली होती, तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. घरात तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि ताईकडे नव्हती, आणि तिचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

ताईच्या पाठीवर आणि दंडांवर फिकट चट्टे उठले होते. आय म्हणाली, शिबं असतील, घामाने होतात. गंधक आणि खोबरेल लावून झालं. मग एक दिवस ताई चुलीपाशी भाकऱ्या भाजत होती आणि मला मांस जळल्यासारखा वास आला. बघते तर तिचा डावा हात कोपराजवळ तव्याच्या कडेला टेकलेला आणि ती मजेत मला कारखान्यातली गोष्ट सांगतेय. मी ओरडले. तिने हात उचलून बघितला आणि हसली. "मना कललंच न्हाय बघ," म्हणाली. मला तिचा तो हसरा चेहरा अजून दिसतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारी दवाखान्याच्या गायकवाडबाई घरोघर तपासायला आल्या. बाई भिवंडीत राहायच्या, निळ्या काठाची पांढरी साडी, खांद्याला पिशवी, आणि चालण्यात अशी घाई की कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. त्यांनी ताईला डोळे मिटायला सांगितलं आणि बॉलपेनच्या टोकाने तिच्या अंगाला हळूच स्पर्श करत गेल्या. "कुठं लागलं तिथं बोट ठेव." ताई बोट ठेवत होती, ठेवत होती, आणि मग चट्ट्यावर पेन आलं की नुसती डोळे मिटून वाट बघत बसायची. आय दारात उभी होती. तिने पदर तोंडावर धरला. "बाई, रगतपिती न्हाय ना वो?" बाईंनी पेन पिशवीत टाकलं. "कुष्ठरोग आहे, मावशी. रडू नका. पूर्वी बरा व्हायचा नाही, आता होतो. पाचाहून जास्त चट्टे आहेत, म्हणजे बारा पाकिटं. एक पाकीट चार आठवड्यांचं. बारा संपली की हा विषय संपला."

डॉक्टरांनी तपासल्यावर पहिलं पाकीट घेऊन बाई घरीच आल्या, कारण पहिला डोस त्यांच्यासमोर घ्यायचा असतो. ते पाकीट मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. इतकी सुंदर वस्तू आमच्या घरात आधी आली नव्हती. चकाकता कागद, त्यावर ओळीने उठलेल्या गोळ्या, लाल, तपकिरी, पांढऱ्या, प्रत्येकीच्या खाली दिवसाचा आकडा. पहिल्या दिवशी दोन लाल, तीन तपकिरी, एक पांढरी. बाकीच्या दिवशी एक लहान तपकिरी आणि एक पांढरी. आय चहाला दूध आणायला शेजारी गेली होती, आणि ताई पहिला डोस गिळून मागच्या दारी भांडी घासत होती. बाईंनी पाकीट ताईच्या नव्हे, माझ्या हातात दिलं. "तुला वाचता येतं ना? कितवी?" मी चार बोटं दाखवली. "मग आकडे वाच." मी वाचले. इतक्या वर्षांत मला कुणी काही वाचायला सांगितलं नव्हतं. बाईंनी ते पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आता नीट ऐक, बेबी. ही जबाबदारी तुझी. रोज जेवल्यावर त्या त्या आकड्याच्या गोळ्या. एकही दिवस चुकवायचा नाही, चट्टे गेले तरी थांबायचं नाही. लाल गोळीने आज लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. तपकिरी गोळीने तीन-चार महिन्यांत कातडी काळपट होईल, औषध संपल्यावर ती आपोआप परत येते. अंगावर पुरळ आलं, डोळे पिवळे झाले, हात-पाय दुखायला लागले, बोटांतला जोर गेला, तर त्याच दिवशी मला कळवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं. ही औषधं नंदाची. तिला तपासून तिच्यासाठी दिलीत. घरात दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत. तुझ्या अंगावर चट्टा दिसला तर मला दाखव, तुझं तुला मिळेल." मग माझेही डोळे मिटायला लावून त्यांनी मला तपासलं. पेन जिथे जिथे लागलं तिथे तिथे मी बोट ठेवलं. "तुला काही नाही," बाई म्हणाल्या. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

आय दूध घेऊन आली. बाई उठताना मला म्हणाल्या, "आईला सगळं समजावून सांग." मी मान हलवली. जाताजाता त्यांनी आयला एवढंच दरडावलं की मुलीचं ताट वेगळं करायचं नाही, बिछाना वेगळा करायचा नाही, औषध सुरू झालं की तिच्यापासून कुणाला काही होत नाही. आणि चांगलंचुंगलं खायला घाला.

आयने शेवटचं वाक्य मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ताईला रोज एक अंडं. अख्खं. आमच्या कोंबड्या कधी दोन अंडी द्यायच्या, कधी एकच, आणि ते एक ताईच्या ताटात जायचं, न कापता. धागा खुंटीवर लोंबत राहिला. सकाळी ताईला दूध, संध्याकाळी आय तिच्या हातापायांना खोबरेल चोळायची, "आज कसं वाटतंय माझ्या वाघिनीला?" असं विचारायची. गावात सांगायचं ठरलं की अशक्तपणाच्या गोळ्या चालल्यात, आणि त्या खोट्या अशक्तपणापायी पाणी, लाकडं, शेण, सगळं माझ्याकडे आलं. रोज जेवण झालं की मी पाकीट घेऊन बसायची, आकडा वाचायची, कागद फोडून गोळ्या ताईच्या तळहातावर ठेवायची, आणि ती पाणी पिऊन तोंड उघडून दाखवायची. तिचा आजार होता, तिची गोळी होती, तिचं अंडं होतं. माझं काय होतं? वाचायचं काम. तेही तिच्यासाठी.

कोणी म्हणेल, बहिणीला असला रोग झाला असताना हिला अंड्याचं सुचलं. हो, सुचलं. पंधरा वर्षांची होते, लहान नव्हते. हे लिहिताना मला स्वतःला लहान दाखवावंसं वाटतंय, पण तसं नव्हतं.

महिनाभर मी आतल्या आत धुमसत राहिले. मग एक दिवस सुकटाचं कालवण आणि तांदळाची भाकरी असं माझ्या आवडीचं जेवण होतं, आणि ताईच्या ताटात वर अंडं होतं. मी ताट सरकवलं. आय म्हणाली, "कय झालं?" मी बोलत नसते, पण त्या दिवशी बोलले. "तिलाच सगळं. अंडं तिला, दूध तिला, गोळ्या तिला. मना पन होऊ दे रोग, मंग मना पन दे." आयने मला थोबाडीत मारली. आयुष्यात तिने मला मारलेली तेवढी एकच. आणि मग तीच रडायला लागली. ताईने आपलं अंडं माझ्या ताटात ठेवलं, ते मी परत तिच्या ताटात फेकलं. ते घरंगळून चुलीच्या राखेत गेलं. कोणीच खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी पाकीट काढलं, आकडा वाचला. आयने माझ्या हातातून दोन्ही गोळ्या घेतल्या आणि तळव्यावर धरून बराच वेळ बघत राहिली. तिने रात्रभर विचार केला असावा, डोळे सुजलेले होते. "दोगी एका गोधडीत झोपता," ती म्हणाली. "काल तू जे बोललीस ते देवानं आयकलं तर? दोगींनी खा. एक दिवस तिचा, एक दिवस तुझा. आज तू घे." हात पुढे करून ती थांबली. तिला वाचता येत नव्हतं, पण वेडी नव्हती ती. "बाई कय बोललेल्या गं, बेबे? दुसऱ्याला द्यायच्या न्हाईत असं कय बोललेल्या का?"

मी आयकडे बघितलं. ताईकडे बघितलं. आणि म्हणाले, "न्हाय."

एवढंच. एक शब्द. ताई म्हणाली, "घेऊ दे आय तिला. तिला नको व्हायला माझ्यासारखं." आणि मी त्या दोन गोळ्या तोंडात टाकल्या. पांढरी जिभेवर कडू लागली. मला वाटलं, आता बरोबर झालं. आता आमच्या घरात पुन्हा वाटे सारखे झाले.

माझ्या गप्प राहण्याला सगळे लाज म्हणतात, आजही. सासरी पण म्हणतात, बेबी फार लाजाळू. त्यानंतरचे चार-पाच महिने मी जी गप्प होते ती लाज नव्हती.

दर चार आठवड्यांनी बाई यायच्या तेव्हा पहिल्या दिवसाचा डोस ताई त्यांच्यासमोर घ्यायची, त्यात माझा वाटा नसायचा. रिकामं पाकीट त्या उलटसुलट करून बघायच्या. एकही गोळी शिल्लक नाही. "शाब्बास बेबी," म्हणायच्या. मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची. मधल्या दिवसांत एक दिवस तिचा, एक दिवस माझा. मला दम लागायला लागला. विहिरीवरून कळशी आणताना दोनदा खाली ठेवावी लागायची. नडग्यांची कातडी सुकून निवटीच्या खवल्यांसारखी दिसायला लागली. रंगही उतरला, पण मी मुळातली काळी, अजून काळी झाले तर कोण बघतंय? ताई मात्र होती तशी गोरी. जरा मळल्यासारखी दिसायची, एवढंच. "माझ्या पोरीला गोली बाधली न्हाय," आय कौतुकाने सांगायची. मला त्याचाही राग यायचा. आम्ही दोघी एकाच पाकिटातल्या गोळ्या खातो आणि तरी गोरेपण तिच्याकडेच राहतं, काळेपण माझ्याकडेच येतं, असं मला वाटायचं. वाटा सारखा करूनही सारखं काही होत नव्हतं.

आणि मग ताईच्या गाठी सुटायला लागल्या. मी डबा घेऊन गेले तेव्हा मुकादम तिच्यावर ओरडत होता, "क्या नंदा, नींद आ रही है क्या? पूरा सूत नीचे पड़ा है!" ताई करंगळीत सूत दाबायची आणि ते निसटून जायचं. पुन्हा दाबायची, पुन्हा निसटायचं. माझ्याकडे लक्ष गेल्यावर तिने तो हात ओढणीखाली घेतला. घरी येताना रस्त्यात म्हणाली, "आयला नको सांगू. कोपरापासून दुखतंय जरा. जाईल." बाईंनी मला सांगितलं होतं, बोटांतला जोर गेला तर त्याच दिवशी कळवायचं. मी तेही कुणाला सांगितलं नाही, कारण बाई आल्या असत्या, आणि बाई आल्या असत्या तर विचारलं असतं. लोकांनी कौतुक केलेले ते हात माझ्यासमोर गळत होते आणि मी माझं खोटं जपत होते. आणि खरं सांगायचं तर मुकादम तिच्यावर ओरडला तेव्हा, एक क्षणभर, मला गोड वाटलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. या वहीलाच सांगते आहे.

पुढच्या खेपेला बाई आल्या त्या ओट्यावरच थांबून ताईकडे बघत राहिल्या. "नंदा, तू अजून एवढी गोरी कशी गं? कशेळीला माझी एक पेशंट आहे, तुझ्याबरोबरच सुरू झाली, ती बघ, तव्यासारखी झालीय." आय हसली. "जातीचीच गोरी हाय बाई ती." बाई हसल्या नाहीत. आत येऊन त्यांनी ताईला हात पुढे करायला लावला, बोटं ताणायला सांगितली. करंगळी पुरी सरळ होईना. मग पिशवीतून कागदाचा तुकडा काढून तिच्या करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये ठेवला. "घट्ट धर. मी ओढते." त्यांनी कागद ओढला आणि तो असा सुटून आला की जणू कुणी धरलाच नव्हता. पुन्हा ठेवला. पुन्हा तसाच आला. कोपराच्या आतल्या बाजूला त्यांनी बोटाने दाबलं तर ताई कळवळली. "शीर दोरीसारखी झालीय," बाई म्हणाल्या. "किती दिवस दुखतंय? बेबी, मी काय सांगितलं होतं तुला?"

मी भिंतीला पाठ लावून उभी.

"गोळ्या रोज घेतेस?" बाईंनी ताईला विचारलं. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो." आयने पाकीट पुढे केलं. "हे बघा की. एक पन न्हाय उरली." बाईंनी रिकामं पाकीट हातात धरलं आणि कपाळाला हात लावला. "मग काहीतरी वेगळंच आहे. रोज पुऱ्या गोळ्या घेऊनही चट्टे पुरते जात नाहीत, कातडी बदलत नाही. हिला ही औषधं लागूच पडत नाहीत की काय? मोठ्या डॉक्टरांना लिहावं लागेल. औषध बदलावं लागेल बहुतेक. दुसरं कोणतं देतील, ते किती कडक असेल, मला माहीत नाही मावशी."

मला त्या वेळी समजलं ते एवढंच, की बाई रिकाम्या पाकिटावर विश्वास ठेवून चालल्या आहेत आणि ते पाकीट मी रिकामं केलं आहे. रिकामं पाकीट बघून चुकीचं औषध मिळणार आणि ताईचा हात जाणार. नुसता हात नाही. गाठ मारणारा तो एक हात. तेवढ्यात बाईंची नजर माझ्या पायांवर गेली. माझा परकर वर खोचलेला होता, मी सारवत होते. "बेबी, इकडे ये. पायांना काय झालं तुझ्या?" ताई चटकन म्हणाली, "ती उन्हातानात फिरते ना बाई, म्हनून." ती माझ्यासाठी खोटं बोलली. हात तिचा चालला होता आणि ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. त्यात सुद्धा ती माझ्याहून चांगली ठरत होती, आणि मला ते सोसलं नाही. मी खरं बोलले ते चांगुलपणाने बोलले की हेव्याने, हे मला अजून उमगलेलं नाही.

"मी खाल्ल्या," मी म्हणाले. "एक दिवस तिनं, एक दिवस मी. दुसऱ्या पाकिटापासून. तुम्ही सांगितलेलं, दुसऱ्याला द्यायच्या न्हाईत. मी आयला सांगितलं न्हाय."

बाहेर कल्याण रस्त्यावर ट्रकचे भोंगे वाजत होते. बाई काहीतरी बोलणार होत्या, पण त्याआधी आय बोलली, अगदी हळू, जणू ती मला नाही, स्वतःला आठवण करून देत होती. "मी इचारलेलं तुला, बेबे. देताना इचारलेलं."

त्यापेक्षा तिने दुसऱ्यांदा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

बाई ओरडल्या नाहीत. त्याच दिवशी आम्हा दोघींना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझे डोळे खाली ओढून बघितले, रक्त काढलं. त्या गोळ्यांनी माझं रक्त कमी झालं होतं. "आजार नसताना ही औषधं खाणं म्हणजे खेळ नाही, मुली. काही जणांना ती फार वाईट बाधतात, तू सुटलीस," ते म्हणाले. मला रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या, माझ्या नावाच्या चिठ्ठीवर. अखेर माझ्या स्वतःच्या गोळ्या होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ताईला शिरेची सूज उतरायला आणखी वेगळ्या गोळ्या दिल्या, आधी जास्त, मग हळूहळू कमी करत जायच्या, मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. औषध बदलावं लागलं नाही. तीच पाकिटं, पण मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बारा. निघताना मी बाईंच्या साडीचा काठ धरला. "तिचा हात माझ्यामुळं?" बाई थांबल्या. "ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पुऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही कधी कधी शीर सुजते. त्याच दिवशी कळवलं असतंस तर लवकर आवरता आलं असतं, हे मात्र खरं. आणि अर्ध्या गोळ्यांनी ती बरी झाली नसती, हेही खरं." मी त्या उत्तरात आजवर हजार वेळा फिरून आले. बाहेर यायला वाट सापडलेली नाही.

बाईंनी पाकीट पुन्हा माझ्याच हातात दिलं. आयला ते आवडलं नसावं. रोज आकडा वाचायचा, गोळ्या ताईच्या तळहातावर ठेवायच्या, ती गिळेपर्यंत समोर बसायचं, आणि मग तिची करंगळी तेलाच्या बोटांनी धरून हळूहळू सरळ करायची, पुन्हा सोडायची, पुन्हा सरळ करायची. "जरा जोरात धर की," ताई म्हणायची, "मी काय काचेची हाय?" हात बराचसा परतला. कागद धरता यायला लागला. करंगळी मात्र शेवटपर्यंत थोडी वाकडी राहिली, आजही आहे. एका हाताने गाठ मारणं तिला पुन्हा जमलं नाही. कारखान्यात ती इतर बायकांसारखी दोन हातांनी गाठ मारू लागली. मुकादमाने मशीन म्हणणं बंद केलं.

आणि आता पुऱ्या गोळ्या पोटात जात होत्या म्हणून ताई काळी झाली. खरोखरची, तांबूस काळी, माझ्याहून काळी. माझा रंग तोवर परत आला होता. विहिरीवर आम्हाला कुणी सख्ख्या का म्हणून विचारेनासं झालं. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते झालं, आणि पहिले काही दिवस मी खरंच ताठ मानेने चालले. मग बायका म्हणायला लागल्या, "बिचारी नंदा, कसं सोनं व्हतं, आणि तरी कशी हसते बघा." बिचारीसुद्धा तीच.

घरात एक गोष्ट बदलली ती कायमची. आयने वाटे करणं सोडलं. आंबा आला की अख्खा आमच्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "तुमचं तुमी बघा." अंडं ताईचंच राहिलं, त्याबद्दल मी पुन्हा कधी बोलले नाही. खुंटीवरचा धागा धुराने काळा पडला.

बारावं पाकीट संपलं त्या दिवशी बाईंनी ताईला पुन्हा डोळे मिटायला लावले, पेन फिरवलं, बोटं तपासली, कार्डावर लिहिलं आणि म्हणाल्या, "झालं. आता गोळी नाही." आयने देवापुढे नारळ ठेवला. बाई गेल्यावर ताईने आपलं अंडं सोललं. कमरेचा नवा धागा काढला, एक टोक दातांत धरलं आणि दुसरं करंगळीला गुंडाळून ओढलं. धागा निसटला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा निसटला. मी हात पुढे केला, तर तिने मान हलवून मला थांबवलं. मग शेजारच्या बोटाला गुंडाळून ओढला. अंडं कापलं गेलं, पण तिरकं. एक तुकडा मोठा, दुसरा अगदी लहान, आणि बलक सगळा मोठ्यात. तिने हात पाठीमागे नेले.

"डावा का उजवा?"

आय चुलीपाशी बसून बघत होती. मी म्हणाले, "उजवा."

तिच्या पाठीमागे बांगड्या वाजल्या. मग उजवा हात पुढे आला, आणि त्यात मोठा तुकडा होता.

मी तो घेतला आणि खाल्ला.